सायकलींची खांदेमळण

खांदेमळणीच्या संध्याकाळी गोठ्यात लोण्या-हळदीचा वास सुटला, की मी आधी सायकल कुठं उभी आहे ते बघते. घरातल्या पोरीबाळींना त्याचं हसू येतं. "आजी, बैल तिकडं हायेत," म्हणतात. बैल कुठं आहेत ते मला चांगलं ठाऊक आहे. बैलांची मला काळजी नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायचे, ही आमच्याकडची रीत. वर्षभर जू जिथं घासतं तिथं ऊन पाण्यानं शेकायचं, लोणी-हळद लावून चोळायचं, आणि कानाशी जाऊन सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. श्रावण सरत आलेला असतो. मुगाच्या शेंगा अंगणात वाळत पडलेल्या असतात, बाजरी कणसावर आलेली असते, आणि बालाघाटाच्या उतारांवर तरवड पिवळाजर्द झालेला असतो. घटकेत ऊन, घटकेत सर. या दिवसांत मला दरवर्षी ती एक सकाळ आठवते आणि अजूनही छातीत धस्स होतं. मग हसू येतं. आधी धस्स, मागून हसू, हा क्रम इतक्या वर्षांत काही चुकला नाही.

ती गोष्ट निजामाच्या अमलातली. मी मूळची उमापूरची. वडील शाळामास्तर, त्यामुळं मला लिहिता-वाचता येत होतं. आणि दिली मला लिंबागणेश अन् मांजरसुंब्याच्या मधल्या एका वस्तीवर, जिथं लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. पाऊस आला, पाऊस गेला, गाय व्याली, एवढंच. माझी अक्षरं अशीच गंजून जायची, पण आमच्या ह्यांना नोकरी लागली. गावोगाव फिरून देवी टोचायची नोकरी. लोक त्यांना देवीवाले म्हणत. ते गावात शिरले की पोरं कडब्याच्या गंजीआड लपत आणि आया हाका मारत फिरत. आता ही गावं काही एकमेकांना लागून नव्हती. म्हणून सरकारनं त्यांना सायकल दिली. काळीभोर, उंच, आमच्या दारातून नीट आत शिरायची नाही अशी. दुसरी सायकल घरची होती. जालन्याच्या छावणीतली कुण्या गोऱ्याची जुनी, ह्यांनी हौसेनं आणलेली. एक बिघडून बसली की दुसरी काढायची.

दोन्ही सायकली गोठ्यात बैलांच्या शेजारी उभ्या राहायच्या. गोठ्यात जे उभं राहतं त्याला नाव हवं, हा आत्याबाईंचा दंडक. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला असंच म्हणतात. सरकारी सायकलीचं नाव त्यांनी थोरली ठेवलं आणि छावणीतल्या सायकलीचं धाकली. खरं तर धाकली वयानं मोठी होती. पण घरात आधी मान सरकारचा.

सायकल देताना सरकारनं एक कागदही दिला होता. महिन्याच्या महिन्याला सायकलीची हालत लिहून बीडच्या दफ्तरात द्यायची. हे उर्दूत लिहायचे, "सैकल दुरुस्त है." एकदा चिखलात पायडल निखळून पडलं. हे अर्धा रस्ता थोरलीला ढकलत आणि पायडल खिशात घालून घरी आले, हातपाय धुतले आणि कागदावर लिहिलं, "सैकल दुरुस्त है."

"हे काय लिवलंत?" मी विचारलं.

"सरकारला चांगलीच खबर द्यावी," हे म्हणाले. "त्यांच्या मागं काय कमी कटकटी हायेत?"

मी कपाळावर हात मारला. पण त्याच दिवशी वडिलांनी दिलेली एक कोरी वही पेटीतून बाहेर काढली आणि सायकलींची खरी नोंद ठेवायला लागले. तिथी, काय झालं, काय केलं, आणि शेवटचा रकाना कैफियत. हा शब्द ह्यांच्या सरकारी कागदावरचा. मला तो फार आवडला. माणसानं मनातलं लिहावं म्हणून सरकारनं जागा ठेवली आहे, असं मला वाटायचं.

केवढं वेड होतं ते. पंक्चर झालं तर कशानं झालं तेही मी लिहायचे. काटा बाभळीचा. काटा बोरीचा. सराटा. ट्यूब पाण्याच्या घंगाळात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथं खूण करायची, रबराचं ठिगळ चिकटवायचं आणि वर पाट्याचा वरवंटा ठेवून द्यायचा. त्या डिंकासारख्या चिकट औषधाचा वास माझ्या बोटांना भाकरी थापतानाही यायचा. हे म्हणायचे, "आज भाकरीला रबराची चव हाय." मी म्हणायचे, "मग पंक्चर तरी व्हनार न्हाई." ह्यांचा कागद उर्दूतला आणि माझी वही मराठीतली. त्यांचा निजामी महिना मेहेर तर माझा श्रावण. त्यांचा महिना सूर्याच्या मागं चालायचा आणि माझा चंद्राच्या, त्यामुळं दोघांच्या नोंदी कधी जुळायच्या नाहीत. हे मला चिडवायचे, की एकाच सायकलीच्या दोन जन्मपत्रिका झाल्या.

वही ऐकायला एक श्रोता मात्र पक्का होता. दिवेलागणीला आत्याबाई उंबऱ्याशी बसायच्या आणि म्हणायच्या, "गोदे, वाच बाई. आज काय झालं म्हनावं त्यास्नी?" त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सायकल आली तेव्हा त्यांनीच तिला नावं ठेवली होती, की लोखंडाला चारा न्हाई, पानी न्हाई, त्येचा काय भरवसा. पण हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की पूर्वी दोन-दोन दिवस बाहेर राहणारा लेक आता त्याच दिवशी घरी जेवायला येतो. तेव्हापासून त्या सायकलींच्या बाजूच्या झाल्या. धाकलीचा आरा तुटला असं वाचलं, की त्यांच्या तोंडून "अगं बया" निघायचं. वहीच्या पहिल्या पानावर मी नेम लिहून ठेवला होता, दर अमावास्येला दोन्हींना तेल. तेवढा त्यांना पाठ होता.

एकदा मी भाकरीचं पीठ मळत असताना त्यांनी विचारलं, "तेल कुटं लावायचं असतंय गं त्यास्नी?"

"जिथं घासतंय तिथं," मी म्हणाले. भाकरी तव्यावर होती, त्याहून जास्त सांगायला सवड नव्हती.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला कधी उलगडली नव्हती. महिन्यातून एकदा ह्यांना हजेरीला बीडला जावं लागे, आणि जायचं म्हणजे मांजरसुंब्याचा घाट उतरायचा. तेव्हाचा घाट म्हणजे मुरमाचा रस्ता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती दरी. बैलगाड्या उतरताना चाकाला दोर बांधायचे, मागं माणूस दगड घेऊन चालायचा. हे मात्र सांगायचे, की मी घाट वाऱ्यासारखा उतरतो. चावडीवर तर हातवारे करून सांगायचे, वळणावर कसं वाकायचं, बिरीक कुठं दाबायचा, कुठं सोडायचा. ते ऐकून मला भीती वाटायची. म्हणून ते बीडला जायच्या आधी मी बिरीकचे गुटके तपासायचे. ते रबराचे दोन चौकोनी गुटके, चाकाच्या लोखंडी कडेला आतून घासतात आणि सायकल थांबवतात. दर वेळी ते नव्यासारखेच असायचे. मी कैफियतीत लिहायचे, "विलायती रबर उत्तम." ह्यांच्या चपला मात्र टिकत नव्हत्या. टाचा बघता बघता झिजायच्या. आमचा चांभार तळ लावताना एकदा म्हणाला होता, "देवीवाले सायकलीवर बसत्यात का सायकल त्यांच्यावर?" मी हसले आणि सोडून दिलं.

त्या वर्षी पोळा झाला. पोळ्याच्या दिवशी आमच्या घरात बैलांना काम नाही आणि कुठल्याही अवजाराला हात लावायचा नाही. जू, रुमणं, कुऱ्हाड, सगळं निजलेलं. सायकलीचा पानाही त्यातच आला. म्हणून अमावास्येचं तेल मी एक दिवस पुढं ढकललं होतं. दोन्ही सायकलींना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, हँडलला मीच कुंकू लावलं होतं. दुसऱ्या दिवशी फटफटायला लागलं तसे हे हजेरीसाठी निघाले. थोरलीच्या हँडलवरची माळ काढून त्यांनी गोठ्याच्या खुंटीला अडकवली, माझ्या हातून भाकरीचं फडकं घेतलं आणि गेले. मी दळायला बसले. पीठ गरम गरम पडत होतं आणि मी कुठलीतरी ओवी घोळवत होते. अगदी निवांत होते मी.

दळण झालं, धारा झाल्या, मग वही घेऊन गोठ्यात गेले. म्हटलं, आता धाकलीला तेल देऊन टाकू. ऊन नुकतं आत आलं होतं. धाकलीचं चाक फिरवलं आणि हाताला बुळबुळीत लागलं. वाकून बघितलं. चाकाच्या कडेला आतून, जिथं गुटके घासतात नेमकं तिथं, गोल फिरवून लोणी-हळद लावलेली. इतकी निगुतीनं लावलेली, की कुठंही जागा सुटलेली नव्हती. गुटक्यांनाही.

आत्याबाई शेणाची पाटी घेऊन चालल्या होत्या.

"आत्याबाई, हे काय हो?"

"काय म्हंजे? खांदेमळन केली म्या त्यांची," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर कौतुक. "तुला पुरनाचं लई काम होतं परवा. म्हनलं, अमावास्या आलीच हाय, आपनच द्यावं. बैलास्नी जू घासतंय तितं लावतोत, ह्येंना ते रबर घासतंय तितं लावलं. तूच म्हनली होतीस न्हवं?"

मी वही खाली ठेवली. "दोघींना लावलंत?"

"मग? एकीला लावायचं अन् दुसरीला न्हाई, कावून?"

आत्याबाईंना समजावून सांगितलं. ते रबर घासायलाच असतं, घासतं म्हणून सायकल थांबते, आता घासणार नाही, आता ती थांबणार नाही. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला. आत्याबाईंच्या हातातली पाटी खाली आली. त्या म्हणाल्या, "आज तर घाट हाय."

आम्ही दोघी तशाच निघालो. चूल तशीच टाकून, दार लोटून. मी पुढं, त्या मागं. त्यांचे गुडघे धरलेले होते, एरवी पाणंदीपर्यंत जायचं तरी कुरकुर करायच्या. त्या दिवशी मी मागं वळून बघावं तर त्या माझ्या पाठीशीच. पायात काही नव्हतं. रस्त्याला पावसाचा ओलावा होता आणि त्यात सायकलीच्या चाकाची रेघ उमटलेली होती, सरळ, मधूनच जरा वाकडी. मी त्या रेघेवरून नजर काढली नाही. दोन्ही बाजूंना बाजरी उभी होती, तरवड फुललेला होता, आणि मला त्या पिवळ्या रंगाचा राग येत होता. हळदीचा रंग होता तो.

"म्याच मारलं माज्या लेकराला," आत्याबाई मागून म्हणाल्या. रडल्या नाहीत. भाकरी करपली असं सांगावं तसं म्हणाल्या, आणि तेच मला सहन होईना. मी म्हणाले, "असं बोलू नका." नवरा गेल्यापासून त्यांनी ह्या एका लेकावर दिवस काढले होते. आणि मला, खरं सांगायचं तर, त्यांच्या लेकाची काळजी नव्हती, माझ्या माणसाची होती. माझं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. रबराच्या चवीची भाकरी म्हणून चिडवणारं माणूस मला हवं होतं. घरी परत हवं होतं, बस्स.

घाटाच्या तोंडाशी एक धनगर मेंढरं चारत बसला होता. भिवा त्याचं नाव. पावसाळाभर त्याच्या मेंढरांचा वाडा तिथंच असायचा. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. त्याच्यापाशी जाईपर्यंत माझा धीर सुटत चालला होता. कारण चाकाची रेघ तिथं खडकावर येऊन संपली होती.

"भिवादादा," मी म्हणाले, "देवीवाले गेले का हो हितून?"

"गेले की. कवाच गेले."

"कसे गेले?"

त्याला प्रश्न कळेना. "कसे म्हंजे? चालत गेले."

"चालत? अन् सायकल?"

"हातात धरून. दर येळी तसंच जात्यात." मग त्याला काहीतरी आठवलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, जणू मेंढरं ऐकतील. "हितं आले की उतरत्यात, धोतर खोचत्यात, अन् सायकलीला धरून पार खालपातूर. वाटंत कुनाचं मानूस दिसलं तर तितंच हवा भरल्यागत करत बसत्यात. मला म्हनले होते, भिवा, कुनाला सांगू नगंस. आता म्या कुनाला सांगतो? तुमी घरच्याच हाव म्हनून."

"आजबी?" आत्याबाईंनी विचारलं.

"आजबी. ह्येच्या आदीबी. म्या तरी त्यास्नी बसून उतरताना कवाच बघितलं न्हाई. लई भित्यात."

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आत्याबाई तिथंच रस्त्यावर मांडी घालून बसल्या. पदर तोंडाला लावला आणि त्यांचं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडतायत. पदर बाजूला झाला तर हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही चाललं होतं. "भित्रं," त्या म्हणाल्या. "बापावानीच भित्रं निगालं गं. त्येचा बापबी हिरीत उतरायला भ्यायचा." त्यांनी भिवाच्या मेंढरांकडं, घाटाकडं, आभाळाकडं हात जोडले. कुठला देव धावून आला होता ते ठाऊक नव्हतं, म्हणून चारी दिशांना एकेक नमस्कार करून टाकला.

आणि मी झिजलेल्या चपला आठवून हसत होते. एवढी मोठी नोंद रोज माझ्या उंबऱ्याशी पडलेली असायची आणि मी विलायती रबराचं कौतुक करत बसले होते. नवरा शूर असावा असं बायकांना वाटतं म्हणतात. वाटत असेल. मला त्या घाटाच्या तोंडाशी माझ्या भित्र्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढं कधी वाटला नाही. भिवानं आम्हांला मेंढीचं दूध दिलं. आम्ही ते प्यायलो आणि सावकाश, शेजारणींची नालस्ती करत, घरी आलो.

हे दिवस कलायच्या आत परत आले. सायकल लखलखीत होती.

"बीडात मिस्त्रीनं पुसून दिली," हे म्हणाले. "हसाय लागला. म्हनला, साब, सैकल की शादी थी क्या, हल्दी लगी सो? काय लावलं होतं गं तिला?"

"देवाचं होतं," आत्याबाई म्हणाल्या आणि उठून आपल्या लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडावरून. हे गोंधळले.

"घाट कसा काय उतरलात?" मी विचारलं. अगदी साळसूदपणे.

"घाट?" ते म्हणाले. "नेहमीसारखाच. वाऱ्यावानी."

आत्याबाईंना ठसका लागला. मी पाणी द्यायच्या निमित्तानं आत गेले. दिवेलागणीला वही काढली. तिथी लिहिली. काय झालं, त्या रकान्यात लिहिलं, बिरीकला लोणी लागले, पुसून घेतले. आणि कैफियतीत लिहिलं, "गुटके नव्यासारखे आहेत. चपला बदलणे."

वही मी मुद्दाम उघडी ठेवली. ह्यांनी येता-जाता ती बघितली. कंदील जवळ ओढून पुन्हा वाचली. माझ्याकडं बघितलं. मी भाकऱ्या मोजल्यासारखं केलं. मग त्यांनी वही हळूच मिटली, जागेवर ठेवली आणि म्हणाले, "पुरनाची पोळी उरली हाय का गं?"

"हाय की," मी म्हणाले आणि दोन वाढल्या, वर तूप. त्यानंतर घाटाची गोष्ट त्यांनी माझ्यासमोर कधी सांगितली नाही. चावडीवर सांगत असतील, सांगोत बापडे. पुढं आत्याबाई होत्या तोवर सायकलींची खांदेमळणही दरवर्षी झाली, फक्त हळदीचं बोट हँडलला लागायचं. आवतण मात्र त्या सायकलींच्या कानाशी, म्हणजे घंटीपाशी जाऊन, न चुकता द्यायच्या.

निजाम गेला, उर्दू कागद गेले, मेहेर महिना गेला. घाटाला डांबर आलं. भिवा गेला, आत्याबाई गेल्या. हेही गेले, पण म्हातारे होऊन, आपल्या अंथरुणावर, माझ्या हातचं पाणी पिऊन गेले. मला त्याचं समाधान आहे. घाटात जायचे ते घरात गेले, याहून बाईमाणसानं मागायचं काय?

आता नातू बीडला नोकरीला आहे. शनिवारी मोटारीच्या टपावर सायकल टाकून येतो आणि सोमवारी सकाळी सायकलवर खाली जातो. त्याच्या सायकलीची वही मीच ठेवते. डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी रकाने ओळखू येतात. काल पोळा झाला, आज त्याला निघायचं आहे. न्याहारीला बसला आणि बहिणींना सांगायला लागला, "घाट म्या असा सुटतो, बिरीकला हातबी लावत न्हाई." पोरी डोळे मोठे करून ऐकत होत्या. माझ्या छातीत आलंच ते जुनं धस्स.

मी काठी टेकत बाहेर गेले. आधी चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कोरडी होती. मग उंबऱ्याशी त्याच्या चपला पडल्या होत्या, त्यातली एक उचलून उजेडात उलटी केली.

टाच पार झिजली होती.

मी चप्पल होती तशी ठेवली, आत आले, आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.